सणाचे ताट आणि शिवारातले जिन्नस : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचे मूळ गाव औसा तालुक्यात, पण नोकरीमुळे आम्ही छत्रपती संभाजीनगरला सदनिकेत राहतो. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षात शेतावर पूजा करून जेवण्याच्या सणाला, शेतावर जाणे होत नाही म्हणून घरीच भज्जी करते, तर ती पाणचट होते आणि ताक फुटते. काय चुकत असावे?

उत्तर : भज्जी ही मार्गशीर्षातल्या शिवाराची भाजी आहे, त्यामुळे पहिली चूक बहुधा बाजारातच होते. फ्रीझरमधले वाटाणे आणि सुकी कडधान्ये भिजवून केलेला पदार्थ चवदार होईल, पण तुरीचे ओले दाणे, पावटा, वाटाणा, सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे) आणि भिजवलेले शेंगदाणे एकत्र शिजताना जो दाटपणा आणि गोडी उतरते ती त्यात येणार नाही. दहा माणसांसाठी सगळे दाणे मिळून साधारण एक किलो, मेथी, पालक, चुका आणि हरभऱ्याचा कोवळा पाला मिळून अर्धा किलो, दीड वाटी बेसन आणि सहा वाट्या ताक घ्यावे. दाणे शिजताना पाणी बेताचेच ठेवावे, कारण पालाही पाणी सोडतो. बेसन आधी थोड्या ताकात गुठळ्या मोडून कालवावे, मग उरलेले ताक घालून मंद आचेवर एक उकळी येईपर्यंत हात न थांबवता ढवळत राहावे आणि तेव्हाच त्यात शिजलेले दाणे व पाला सोडावा. थंड ताक एकदम उकळत्या भाजीत ओतले की ते फुटतेच. हरभऱ्याच्या पाल्यावर मुळातच आंब असते, म्हणून चिंचेचा कोळ भाजी चाखून मगच घालावा. फोडणी लसूण, हिरवी मिरची आणि हळदीची करावी. लाल तिखट मला तरी भज्जीत परके वाटते.

सोबतच्या अंबिलीसाठी ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर मडक्यात ठेवावे. स्टीलचे भांडेही चालेल, मात्र कल्हई नसलेले पितळी भांडे आंबट पदार्थाला वापरू नये. सकाळी पाणी घालून शिजवावी, गार झाल्यावर ठेचलेला लसूण, जिरे आणि कोथिंबीर घालावी. गॅलरीत चटई टाकून पंगत बसवली, तरी आजूबाजूचे चार जण बोलवा. दोघांपुरती भज्जी नीट होत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. होळीची पुरणपोळी साखरेऐवजी सेंद्रिय गुळाची केली तर त्यांना पोटभर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. गुळातही बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि रक्तातली साखर तो जवळपास तसाच वाढवतो. गूळ चवीसाठी जरूर वापरा, परंतु औषध समजून नव्हे. किती खावे हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. आपण एवढेच करू शकता की त्यांच्यासाठी लहान, कमी गोडाच्या पुरणाची पोळी लाटावी आणि ताटात भाजी व कोशिंबीर वाढती ठेवावी. कटाची आमटी त्यांना आवडत असेल, तर त्यांच्या वाटीतला गूळ वगळून ती येसर लावून करावी. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी एक वाटी वेगवेगळी खमंग भाजून, भाजलेले धणे, जिरे आणि थोडे खडे मसाले घालून दळले की येसर तयार होतो. आमटीला दाटपणा आणि भाजल्याचा वास दोन्ही तोच देतो. चार माणसांच्या आमटीला दोन चमचे, आधी पाण्यात कालवून. आयत्या मसाल्याच्या पुड्या निघण्यापूर्वी आपल्याकडे झटपट आमटीची सोय हीच होती.

प्रश्न : गव्हाच्या खिरीत गूळ घातला की दूध फाटते.

उत्तर : गहू पूर्ण शिजल्यावर गूळ घालून तो विरघळू द्यावा, आच बंद करावी आणि खीर कोमट झाल्यावर तापवून निववलेले दूध मिसळावे. त्यानंतर उकळी काढू नये.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पिझ्झाच हवा असतो. ज्वारीचा काही उपाय सुचवावा.

उत्तर : ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही, त्याचा पाव फुगवण्याचा हट्ट सोडावा. धपाट्याचे पीठ मात्र या कामाला उत्तम. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, कोथिंबीर घालून कोमट पाण्याने मळावे, ओल्या कापडावर तळहाताएवढे जाडसर थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावे. वर टोमॅटोची घट्ट चटणी, कांदा आणि किसलेले पनीर घालून झाकण ठेवावे. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, गेलेली असते आणि कडा चिरतात. परभणी शक्ती हे 2018 मध्ये प्रसारित झालेले लोह व जस्त अधिक असलेले वाण गावात मिळाले, तर तेही दळून पाहावे.

प्रश्न : घाण्याचे करडईचे तेल फराळाच्या तळणीला वापरावे का?

उत्तर : वापरू नये. न गाळलेले घाण्याचे तेल लवकर धुरकटते, आणि करडईचे तेल वारंवार तापवल्यास लवकर खराब होते. शेव-चकलीला शेंगदाण्याचे तेल घ्यावे, तेही एकदाच. करडईचे तेल फोडणीला, आणि भाकरीवरच्या जवसाच्या चटणीत वरून कच्चे घालायला ठेवावे.