व्हेंडरचा आकडा मीटरवरून यायला हवा

मोठी कंपनी आपल्या पर्यावरण अहवालासाठी छोट्या पुरवठादारांना, म्हणजे व्हेंडरांना, एक्सेल शीट पाठवते. वर्षभराची वीज, डिझेल, गॅस, पाणी आणि कचरा अमुक तारखेपर्यंत भरून द्या म्हणते. त्यानंतर माझ्याकडे फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. मी पर्यावरण अभियंता आहे. भोसरी, चाकण आणि शिरोली भागातल्या लहान कारखान्यांचं ऊर्जा आणि प्रदूषणविषयक काम पाहते. पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमचं सीएनसी जॉबवर्क आहे, 14 कामगार. फॉर्म भरला नाही तर सेबी दंड करेल असं शेजारच्या गाळ्यात ऐकलं. खरं आहे का? (भोसरी)

नाही. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीचा बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सक्तीचा आहे. तुमची फर्म त्यात येत नाही. पुरवठा साखळीची माहिती देण्याचा भाग पहिल्या 250 कंपन्यांपुरता आहे. तिथेही कंपनीच्या खरेदीत किंवा विक्रीत ज्याचा वाटा किमान 2 टक्के आहे अशाच भागीदाराचा विचार होतो. मार्च 2025 च्या परिपत्रकाने तो 2025-26 पासून ऐच्छिक केला.

म्हणजे सेबी तुमच्या दारात येणार नाही. पण पुढची ऑर्डर ग्राहकाच्या हातात आहे आणि अट परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावर छापलेली असू शकते. ते पान वाचा. 'सप्लायर कोड' म्हणून सहीला आलेला कागद तुमच्या सीएला किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: स्कोप 1, 2 आणि 3 म्हणजे नेमकं काय? (वाळूज)

हे कार्बन उत्सर्जनाचे तीन गट आहेत. तुमच्या आवारात आणि तुमच्या गाड्यांत जे इंधन जळतं ते स्कोप 1. विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप 2. कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंत बाकीची साखळी म्हणजे स्कोप 3. तुमच्या 1 आणि 2 मधला त्यांच्या मालापुरता वाटा ग्राहकाच्या 3 मध्ये जातो, म्हणून ते विचारतात.

प्रश्न: कारखान्याच्या कडेने 200 झाडं लावली आहेत. तेवढं उत्सर्जनातून वजा करू का? (चाकण)

नाही. झाडं जगवा आणि वेगळ्या रकान्यात लिहा.

प्रश्न: आमची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे, इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर चालते. शीटमध्ये 'प्रति टन उत्सर्जन' विचारलंय. कुठल्या टनाने भागायचं? (शिरोली)

हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक जण वितळवलेल्या टनाने भागतात आणि तिथेच सगळी गोष्ट झाकली जाते.

समजा, एक टन धातू वितळवायला 600 युनिट लागली. आपल्या ग्रिडच्या विजेसाठी एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, तोच घ्या. या हिशेबाने एका टनाला 420 किलो झाले. पण त्या टनातला रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू) गेला, रिजेक्शन गेलं आणि ग्राहकाकडे 600 किलोच चांगलं कास्टिंग (ओतीव माल) पोचलं. म्हणजे एक टन चांगल्या कास्टिंगला 1000 युनिट आणि 700 किलो. ग्राहक या दुसऱ्या टनाचे पैसे देतो, भागायचंही त्यानेच. वितळवण्यापलीकडची वीज, म्हणजे वाळूचा प्लांट, शॉट ब्लास्टिंग आणि कॉम्प्रेसर, यात अजून मिळवायची आहे.

त्यामुळे फाउंड्रीत उत्सर्जन कमी करायचं पहिलं काम रिजेक्शन कमी करणं हे आहे. ब्लो होल (हवेचं छिद्र) पडलेला तुकडा परत भट्टीत जातो आणि त्याच्यावर दुसऱ्यांदा वीज लागते. फर्नेसला स्वतंत्र मीटर बसवा. प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या एका फेरीला, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, भट्टीत टाकलेल्या मालाचं वजन आणि सुरू-बंद वेळ वहीत लिहायला लावा. दोन आठवड्यांत दिसेल की रात्रपाळीच्या हीटला जास्त युनिट जातात का, आणि जात असतील तर मोल्ड तयार नसल्यामुळे धातू भट्टीत थांबून राहतो का. झाकण उघडं राहत असेल तर तेही याच वहीत सापडतं.

वापरलेल्या काळ्या वाळूचा हिशेबही शीटमध्ये द्यायचा आहे. ती ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला जात असेल तर आधी ते थांबवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) तिच्याबद्दल काय अट आहे ते वाचा. भट्टीत काही बदल करण्याआधी बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने प्रमाणित केलेल्या ऊर्जा परीक्षकाकडून मोजणी करून घ्या.

प्रश्न: एक सल्लागार 12 हजारांत सगळी शीट भरून 'ग्रीन व्हेंडर' सर्टिफिकेटसकट देतो म्हणतात. बिलंसुद्धा मागत नाहीत. वडील म्हणतात देऊन टाकू. तुमचं मत? (चाकण)

देऊ नका. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या एका सवयीमुळे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मागच्या वर्षी एका शीट मेटलच्या कारखान्यात मी अशी भरलेली शीट पाहिली. डिझेलच्या रकान्यात बाराही महिने 400 लिटर. मालकांना विचारलं तेव्हा कळलं की पावसाळ्यात त्यांचा जनरेटर दीड महिना दुरुस्तीला गेला होता. विजेच्या रकान्यात दिवाळीच्या महिन्याचा आकडा आदल्या महिन्याइतकाच, आणि त्या महिन्यात कारखाना आठ दिवस बंद. महावितरणची बिलं शेजारच्या कपाटात फाइलला लावलेली होती. ती काढून बेरीज करायला आम्हाला दोघांना मिळून पन्नास मिनिटं लागली. वर्षाची वीज शीटमधल्या आकड्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. पैसे घेऊन शीट भरणाऱ्याने ते कपाट उघडलंच नव्हतं.

आता याचं पुढे काय होतं ते पाहा. हा आकडा तुमचं पायाभूत वर्ष ठरतो. पुढच्या वर्षी ग्राहक विचारतो, किती कमी केलंत? तुम्ही खरंच कॉम्प्रेसर दुरुस्त केला, दिवे बदलले आणि वीज दहा टक्के वाचवली. तरी कागदावर ती वाढलेली दिसते, कारण मुळात आकडा खोटा आणि कमी होता. मग एकतर खरं काम वाया जातं किंवा पुन्हा खोटं लिहावं लागतं. तुमच्यासारख्या साठ व्हेंडरांचे असे आकडे ग्राहकाच्या अहवालात बेरजेला गेले की तो अहवाल वाचून ठरवलेलं प्रत्येक धोरण चुकतं. आणि परीक्षक आला तर तो सल्लागाराला शोधत नाही. शीटखाली सही तुमच्या वडिलांची असते.

सर्टिफिकेटबद्दल. आयएसओ 14001 ही व्यवस्थापन पद्धतीची मान्यता आहे, तुमचं उत्सर्जन किती ते ती सांगत नाही. तीसुद्धा घ्यायची तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या, अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळाची अधिकृत मान्यता आहे का ते तपासा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केंद्र सरकारची झेड योजना आहे, म्हणजे झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि प्रमाणन खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघु उद्योगाला 60 टक्के अनुदानाची तरतूद आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करा. 'ग्रीन व्हेंडर' नावाचं, कुणी मान्यता दिली ते न सांगणारं रंगीत कार्ड मात्र नको. ते लेटरहेडवर किंवा जाहिरातीत छापणार असाल तर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आधी वकिलाकडून समजून घ्या.

सल्लागार नेमायला माझी हरकत नाही. जो पहिल्या भेटीत बिलं मागतो आणि मीटरपाशी जाऊन उभा राहतो, त्याला नेमा.

प्रश्न: झिंक प्लेटिंगच्या टाकीतला गाळ भंगारवाला घेऊन जातो. फॉर्ममध्ये 'रिसायकल' लिहावं का? (पिंपरी)

नाही, आणि त्याला गाळ देणं आजच थांबवा. हा धोकादायक कचरा आहे. 2016 च्या नियमांनुसार तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा. रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे सामूहिक विल्हेवाट केंद्रं आहेत. सोबत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) हवा आणि वार्षिक विवरणपत्र, फॉर्म 4, दरवर्षी 30 जूनपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. आजवर जे झालं ते कसं दुरुस्त करायचं यासाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयाशी बोला, सोबत जाणकार घेऊन जा. उशीर करू नका.

प्रश्न: आम्ही जर्मनीला बोल्ट पाठवतो. ग्राहक सीबॅमचा (युरोपच्या आयात मालावरच्या कार्बन भाराचा) डेटा मागतोय. आमचे एजंट म्हणतात 2030 पर्यंत वेळ आहे. (सातपूर)

एजंटांनी हे कुठून काढलं मला माहीत नाही, पण त्यांच्या शब्दावर थांबू नका. युरोपीय संघाने सीबॅमखाली नोंदी मागायला 1 ऑक्टोबर 2023 लाच सुरुवात केली आणि 1 जानेवारी 2026 पासून आर्थिक भार लागू झाला. पैसे तिकडचा आयातदार भरतो. वर्षाला एकूण 50 टनांपेक्षा कमी असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, तेव्हा तुमचा ग्राहक त्यात बसतो का ते आधी विचारा. बोल्ट यादीत आहेत, पण प्रत्येक लोखंडी वस्तू नाही. सगळं एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या सीमाशुल्क वर्गीकरणाच्या क्रमांकावर ठरतं.

लोखंड-पोलादासाठी सध्या थेट उत्सर्जन धरतात. म्हणजे तुमच्याकडे हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत जळणारा गॅस मोजा. पण बोल्टमधला मोठा वाटा तुम्ही घेता त्या वायर रॉडचा असतो, म्हणून मिलकडे त्याचा डेटा लेखी मागा. मिलने दिला नाही तर ठरवून दिलेली मूल्यं वापरावी लागतात आणि ती सहसा तुमच्या तोट्याची असतात. आकडे पाठवण्याआधी मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेशी आणि तुमच्या निर्यात परिषदेशी बोला.

प्रश्न: आमच्याकडे 340 पुरवठादार आहेत. तीन मेल पाठवले, 41 जणांनी उत्तर दिलं. बाकीच्यांना काळ्या यादीत टाकायचा विचार आहे. (परचेस विभाग, चाकण)

तसं करू नका. ज्या 41 जणांनी उत्तर दिलं त्यांचे तरी आकडे कुणी तपासले का?

340 जणांना एकच इंग्रजी शीट पाठवण्याऐवजी खरेदीच्या रकमेने यादी लावा आणि वरचे तीस घ्या. त्यात रकमेने लहान असले तरी कास्टिंग, फोर्जिंग, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटवाले घाला, कारण भार तिथे आहे. एका पानाचा मराठी फॉर्म करा. त्यात फक्त युनिट, लिटर, किलो आणि टन विचारा. उत्सर्जनाचा गुणाकार तुमच्या ऑफिसात होऊ द्या. बारा कामगारांच्या गाळ्यात स्कोप 3 च्या पंधरा प्रकारांचा हिशेब कोण करणार आहे? मग तुमच्या माणसाला एक दिवस प्रत्यक्ष तिथे पाठवा.

दुसरी गोष्ट थोडी कडक आहे. पुरवठादाराने नवी मोटर घ्यावी, सोलर लावावं असं सांगताना त्याचं बिल तुम्ही किती दिवसांत देता? सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. 1 एप्रिल 2024 पासून तर आयकरातही मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तरीही 90 दिवस थांबलेले लोक मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्या खेळत्या भांडवलातूनच तुमची हिरवी साखळी उभी राहायची आहे.

वेळेवर पैसे द्या. ज्याचे आकडे खरे आणि सुधारत आहेत त्याला व्हेंडर रेटिंगमध्ये गुण आणि दोन वर्षांची ऑर्डर द्या. खोक्यांऐवजी परतीचे बिन आणि ट्रॉल्या सुरू करा, ते तुमच्याच हातात आहे. शेजारच्या दहा व्हेंडरांना मिळून एक ऊर्जा परीक्षक आणून द्या. कराराच्या अटी बदलण्याआधी तुमच्या कायदा विभागाला विचारा.

प्रश्न: भाड्याचा गाळा आहे, नवीन मशीन घ्यायची ऐपत नाही. सुरुवात कुठून करू? (भोसरी)

रविवारी गाळ्यावर जा. सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि कान द्या. जिथे सुईईई आवाज येतो तिथे ब्रशने साबणाचं पाणी लावा, फेस फुगेल. बहुतेक वेळा क्विक कपलर, पाइपचा जोड किंवा एअर गनची नळी असते. पंधरा-वीस रुपयांचा वॉशर लागतो. मग कामाला जेवढा दाब लागतो तेवढाच ठेवा. दाब एक बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते. मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान दाबाखाली मात्र जाऊ नका, सर्व्हिसवाल्याला विचारून ठरवा.

मीटर तीन गाळ्यांत मिळून एकच असेल तर मालकाशी बोलून परवानाधारक वायरमनकडून सबमीटर बसवून घ्या.

प्रश्न: मागच्या दोन वर्षांच्या नोंदी ठेवलेल्याच नाहीत. रकाने कसे भरू? (कागल)

विजेची जुनी बिलं महावितरणकडून ग्राहक क्रमांकावर मिळू शकतात. डिझेल आणि गॅसच्या पावत्या तुमच्या अकाउंटंटने जीएसटीसाठी ठेवलेल्या असतील, त्यांच्याकडे मागा. पाण्याचं एमआयडीसीचं बिल असेल. एवढं करूनही जे मिळणार नाही तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहा, आणि येत्या 1 तारखेला सकाळी मीटरचं रीडिंग घेऊन मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.