बाबांची फियाट विकू का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही सांगलीचे. बाबांची १९७४ ची फियाट पद्मिनी अजून दारात उभी आहे. २०१९ च्या पुरात ती पाण्यात होती, नंतर चालू केली पण फारशी फिरली नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, मी पुण्यात, आई इथं एकटी. एक जण दीड लाख देतोय, भाऊ म्हणतो देऊन टाक. मिस्त्री म्हणतात मारुतीचं इंजिन बसवा, मग रोज चालवता येईल. आई काहीच बोलत नाही, रोज गाडी पुसते फक्त. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे इंजिन बदलू नका, प्लीज. तुमच्या गाडीला ५० वर्षं होऊन गेलीत आणि अशा मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २० हजार, मुदत १० वर्षं. इंजिन किंवा बॉडीत मोठा बदल केला की ती मिळणं अवघड. हां, ती घेतली की रोज मंडईला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

मला खरी काळजी पुराची वाटते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, आणि कृष्णेचा गाळ दाराखालच्या पोकळीत बसला असेल तर वरून रंग कितीही चकाचक दिसू दे, आतून पत्रा सडत असतो. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आरपार गेला तर आधी पत्र्याच्या कामाचा खर्च काढा, किमतीचं बोलणं नंतर.

पत्रा धड असेल तर मी आत्ता विकणार नाही, पण एका अटीवर, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी ती चालवली पाहिजे. उभ्या गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, चिकटतो, ब्रेक जाम होतात, शिवाय आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात, ते बदलून घ्या. तुम्ही पुण्यात, मग चालवणार कोण? भाऊ तयार नसेल आणि तुमचंही येणं होत नसेल तर चालवणाऱ्याला दिलेली बरी, दारात गंजत ठेवणं मला बघवत नाही. द्यायचीच झाली तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की आरटीओत नाव बदललंय याची खात्री स्वतः करा, नुसत्या विश्वासावर चावी देऊ नका.

आणि हो, त्या दीड लाखवाल्याला थांबवा थोडं. ब्रेक दाखवून घ्या आणि एका रविवारी आईंना पुढच्या सीटवर बसवून हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला नेऊन आणा. त्या अजून काही बोलल्या नाहीत म्हणता, तर तिथं घाटावर बसून विचारा.