दुबईतला फ्लॅट आणि आपला वकील

प्रश्न : ताई, माझे मिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. पुण्यात एका हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन होतं. तिथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला एक बेडरूमचा फ्लॅट आम्हाला आवडला. एजंट मराठीच आहे, फार अगत्याने बोलतो. पंधरा दिवसांत २० टक्के भरा म्हणतोय. वकिलाचं विचारलं तर म्हणाला, ‘काकू, तिकडे सगळं सरकारी असतं, वकिलाचे पैसे फुकट जातील.’ काय करावं? – सौ. अ. कु., नाशिक

उत्तर : पैसे अजून भरले नसतील तर थांबा. पंधरा दिवसांची मुदत त्याच्या सोयीची आहे, तुमच्या नव्हे.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात एजंटचं कमिशन सहसा बिल्डर देतो. माणूस कितीही चांगला असो, तो समोरच्या बाजूचा आहे. तुमच्या बाजूने कागद वाचणारा, तुम्ही फी दिलेला माणूस हवाच.

हे मी पोळल्यामुळे सांगते. २०१६ साली आम्ही दोघांनी असाच फ्लॅट बुक केला. मी सीए, आकडे मला कळतात, मग वकील कशाला असं वाटलं. एजंट घरी जेवून गेलेला. त्याने दिलेल्या खात्यावर ४० हजार दिरहम पाठवले. ते खातं त्याच्याच कंपनीचं होतं. चार महिन्यांनी बिल्डरला विचारलं, तर त्यांच्याकडे आमचं नावच नव्हतं. ह्यांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे होते ते. शेवटी दुबईतल्या वकिलाची नोटीस गेली तेव्हा कुठे, चौदा महिन्यांनी, पैसे परत आले. ते महिने घरात कसे गेले ते आठवलं की अजून झोप उडते.

‘सगळं सरकारी असतं’ हे अर्धंच खरं. दुबईत २००७ पासून एस्क्रो खात्याचा कायदा आहे. ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावे लागतात आणि बांधकाम पुढे जाईल तसे बिल्डरला मिळतात. पण तुम्ही दुसऱ्याच खात्यावर पैसे पाठवलेत, तर हा कायदा तुमच्या मदतीला कसा येणार? प्रकल्प दुबई लँड डिपार्टमेंटकडे (तिथलं सरकारी जमीन-नोंदणी खातं) नोंदलेला आहे का, एस्क्रो खातं कोणतं, ती जमीन परदेशी माणसाला मालकी हक्काने घेता येणाऱ्या भागात आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. ताबा लांबला किंवा क्षेत्रफळ कमी भरलं तर करारात काय लिहिलंय, तेही त्याला वाचायला सांगा. पैसे भरल्यावर तुमच्या नावाची ‘ओकूद’, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची सरकारी नोंदणी, झाली का, हेही तोच बघेल. वकील दुबई सरकारच्या कायदेविषयक विभागाकडे नोंदलेला हवा, आणि एजंटने सुचवलेला अजिबात नको.

खर्चाची पूर्ण यादीही लेखी घ्या. लँड डिपार्टमेंटची फी किमतीच्या ४ टक्के, ती बहुधा खरेदीदारच भरतो. देखभाल खर्च दरवर्षी चौरस फुटावर लागतो, आणि प्रदर्शनात भाड्याचं उत्पन्न रंगवून सांगताना हा आकडा बहुतेकदा गाळलेला असतो.

दुसरा माणूस इथला, परदेशी मालमत्तेचं काम करणारा सीए. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेते. म्हणजे मिस्टरांनी एकट्याने ४० लाख पाठवले तर आणखी ६ लाख हाताशी हवेत. ते रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर अडकतात. ताब्यानंतरही हप्ते चालणार असतील तर ते परकीय चलन कायद्यात बसतं का, हे त्याला आधीच विचारा. फ्लॅट दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो. दाखवायचा राहिला तर २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

आज एजंटला फोन करून एवढंच सांगा : ‘विक्री कराराचा मसुदा आणि एस्क्रो खात्याचा तपशील ईमेलने पाठवा, आमचे वकील वाचतील, मग पैसे.’ त्याने टाळाटाळ केली तर फ्लॅट सोडून द्या. मिस्टरांच्या निवृत्तीचे पैसे आहेत, ते काही पुन्हा मिळायचे नाहीत.