माळ्यावर सापडलेली जुनी दुनळी बंदूक कशी ओळखावी आणि ती दुरुस्त करता येईल का?

आजोबांच्या पश्चात वाड्याच्या माळ्यावर बारा बोरची दुनळी बंदूक सापडली, तिचा डावा घोडा आणि नळ्यांखालचे पुढचे लाकूड नाही, वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचे नाव आहे, तेव्हा ती कोणत्या बनावटीची आणि पूर्ववत होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या वडिलांचे परवानाधारक बंदूकदुरुस्तीचे दुकान होते, त्या जोरावर हे उत्तर देतो.

सर्वांत आधी कागदपत्रांचे पाहावे लागेल. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ मध्ये पुरातन शस्त्रांना सूट आहे खरी, परंतु ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत अशाच शस्त्रांना आहे. उजवा घोडा शाबूत असलेली बंदूक त्यात बसत नाही. त्यामुळे कलम २१ नुसार, आधी पोलीस ठाण्यात कळवून, ती विनाविलंब तेथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, परवान्यासाठी अर्ज करावा. आजोबांचे परवानापुस्तक सापडले तर फार सोपे होते, कारण त्यात बंदुकीचा क्रमांक असतो. तोवर तिला हात लावायचाच झाला तर ती भरलेली आहे असे धरूनच लावावा.

आता ओळख. पट्टीवरचे नाव बहुधा विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नव्हे. कलकत्त्याचे व्यापारी इंग्लंडात, विशेषतः बर्मिंगहॅममध्ये, घडलेल्या बंदुका स्वतःचे नाव कोरून विकत. (१९१४ साली क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुले पळवली ती याच रॉडा कंपनीची.) खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या बुडाशी, खालच्या चपट्या भागावर असते. जमा करताना विक्रेत्याला आपल्यासमोर नळ्या उतरवायला सांगून तेथील छापांचे (नळ्यांची चाचणी झाल्यावर मारलेल्या शिक्क्यांचे) तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत. एकमेकांवर तिरके राजदंड आणि मुकुट असल्यास जुने बर्मिंगहॅम, मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी ही अक्षरे असल्यास १९०४ नंतरचे बर्मिंगहॅम, मुकुटाखाली गुंफलेली जीपी अक्षरे असल्यास लंडन, लंबवर्तुळात ईएलजी असल्यास बेल्जियममधील लिएज. एनपी म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालेली आहे. हा छाप नसेल आणि गंज पुसल्यावर नळीवर लोखंड-पोलादाच्या पिळाची नक्षी दिसत असेल, तर ती काळ्या दारूसाठी घडवलेली दमास्कस नळी समजावी. तिच्यात आजचे काडतूस कधीही घालू नये. चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या पोकळीची, लांबीही मोजून घ्यावी, कारण जुन्या बंदुकांत ती बहुधा अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर असते, तर आजची पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. काडतूस आत जाते म्हणून ते योग्य ठरत नाही; उडाल्यावर उलगडणारे तोंड पुढच्या अरुंद भागात अडकते आणि दाब वाढतो.

हरवलेल्या भागांबाबत स्पष्टच लिहितो. या बंदुका हाताने जुळवलेल्या असत, त्यामुळे दुसऱ्या बंदुकीचा घोडा तिच्यावर सहसा बसत नाही. घोड्याचे भोक टंबलरच्या (घोडा फिरवणाऱ्या आतल्या भागाच्या) चौकोनी टोकाला घट्ट बसावे लागते आणि घोड्याचे डोके स्ट्रायकरवर (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीवर) नेमके पडावे लागते. पुढचे लाकूड सुताराकडून होईल असे वाटते, परंतु त्याच्या आतले लोखंडच नळ्यांना सांध्यावर धरून ठेवते, आणि ते घडवणे लाकडापेक्षा कितीतरी अवघड असते. ओळखीच्या लेथवाल्याकडे तर अजिबात जाऊ नये. बंदूकदुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो. नळ्या दमास्कसच्या निघाल्या तर ती झाडण्यायोग्य करण्याचा नाद सोडून केवळ रूपाने पूर्ण करून घ्यावी, असे माझे मत आहे. तसे केल्यानेही परवान्याची गरज टळत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

कारागिराला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. नळ्यांना उकळत्या क्षाराचे निळे पॉलिश देऊ नये, कारण नळ्या आणि पट्टी जोडणारे मऊ डाखकाम (सोल्डर) त्यात विरघळते. जुन्या पद्धतीचे सावकाश गंजवून चढवलेले तपकिरी पॉलिशच तिला मानवते. दस्त्यावर वार्निश नको, जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. सँडपेपर फिरला की कोरीवकाम आणि छाप दोन्ही पुसट होतात आणि मग बंदूक ओळखायला काहीच उरत नाही.