जुन्या डिझेल इंजिनाची बॅटरी वारंवार उतरत असल्यास काय तपासावे

या रब्बी हंगामात इंदूर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंकडून आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच विषयाचे आहेत, म्हणून त्यांचे उत्तर एकत्र देत आहे. सांवेर तहसिलीतील एक बटाटा उत्पादक कारखान्याच्या लिलावातून घेतलेले चार सिलिंडरचे जुने इंजिन पंपासाठी वापरतात. ते रोज चार-पाच तास चालूनही दुसऱ्या दिवशी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागत नाही आणि वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या आहेत. मिस्त्री मात्र ‘इंजिन कमी चालते’ असे कारण सांगतो. देपालपूर येथील शेतकऱ्यांचे इंजिन २४ व्होल्टचे असून त्यांच्या दोन बॅटऱ्यांपैकी नेमकी एकच दर वेळी निकामी होते. महूजवळच्या तिसऱ्या शेतकऱ्यांचे डायनॅमोचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राचे) इंजिन पावसाळाभर बंद होते आणि आता ते सुरू केल्यापासून अँपिअर मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही.

गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी द्यावे लागते. त्या वेळी इंजिन सुरू झाले नाही, तर शेतकरी घाईने नवी बॅटरी आणतो, कारण दोष बॅटरीत असेल असेच प्रथम वाटते. माझा आग्रह असा आहे की, मल्टीमीटरने मोजमाप केल्याशिवाय बॅटरीही बदलू नये आणि ऑल्टरनेटरही (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) उघडू नये. साधा मल्टीमीटर नव्या बॅटरीच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतो आणि पुढील बहुतेक तपासण्या त्याच्यावर होतात.

प्रथम एक हिशेब पाहावा. अशा इंजिनाचा सेल्फ साधारण ३०० अँपिअर घेतो असे धरले आणि तो दहा सेकंद फिरवला, तरी बॅटरीतून एक अँपिअर-तासाहून कमीच वीज खर्च होते. चार्जिंग ठीक असेल तर तेवढी वीज पाऊण तासाच्या आत सहज परत भरली जाते. त्यामुळे रोज चार-पाच तास चालणाऱ्या इंजिनाची बॅटरी ‘इंजिन कमी चालते’ म्हणून उतरते, हे मिस्त्रीचे म्हणणे पटण्यासारखे नाही. वीज बॅटरीपर्यंत पोहोचत तरी नसावी, किंवा इंजिन बंद असताना कोठेतरी झिरपत तरी असावी. तिसरी शक्यता बॅटरीतच ती साठत नसण्याची आहे, आणि तीच आधी तपासून बाजूला सारावी.

त्यासाठी इंजिन बंद करून काही तासांनी बॅटरीच्या दोन टोकांमधील व्होल्टेज पाहावे. १२.६ किंवा अधिक असल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.२ असल्यास साधारण निम्मी आहे आणि १२ च्या खाली असल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आम्लाचे घनत्व मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक कप्पा स्वतंत्र पाहावा. पाच कप्पे सारखे आणि एकाच कप्प्याचे घनत्व इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक कमी भरत असेल, तर तो कप्पा गेलेला आहे आणि तेथे चार्जिंग यंत्रणेला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल घालू नये. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी किंवा काडी पेटवू नये आणि पाना दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी टेकू देऊ नये.

आता सांवेरच्या प्रश्नाकडे येऊ. ऑल्टरनेटरचा बेल्ट सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. त्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो ताण देऊनही घसरतो, म्हणून बदलावा. मग इंजिन नेहमीच्या गतीला चालवून बॅटरीच्या टर्मिनलांवर व्होल्टेज घ्यावे. ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले पाहिजे. ते १२.५ च्या आसपासच राहिले तर चार्जिंग होत नाही, आणि १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडून बॅटरी उकळत आहे. पण या शेतकऱ्यांनी कळवलेला आकडा १३.१ आहे, म्हणजे चार्जिंग होते पण अपुरे होते, आणि अशा वेळी ऑल्टरनेटर खोलण्याआधी तारा तपासाव्यात असे मी सुचवीन.

त्याचे कारण इंजिनाच्या जागाबदलात आहे. कारखान्यात असे इंजिन लोखंडी बैठकीवर असते आणि त्याच बैठकीला बॅटरीची जाड अर्थिंग पट्टी घट्ट कसलेली असते. शेतावर आणल्यावर ते लाकडी स्लीपरवर बसवले जाते, बॅटरी शेजारी विटांच्या ओट्यावर जाते आणि निगेटिव्हची तार रंगावरच एखाद्या बोल्टला आवळली जाते. इंजिन चालू असताना मीटरचे एक टोक ऑल्टरनेटरच्या जाड तारेच्या टर्मिनलला आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला लावावे. दिवे लावून भार दिलेला असताना येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसू नये. त्याचप्रमाणे इंजिनाची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टहून अधिक फरक असू नये. बऱ्याच ऑल्टरनेटरांचा रेग्युलेटर स्वतःच्याच टर्मिनलवरील व्होल्टेज पाहून काम करतो, त्यामुळे त्याच्यापाशी १४.२ व्होल्ट असले आणि वाटेत एक व्होल्ट खर्च झाला, तर इंजिन कितीही तास चालवून बॅटरी पूर्ण भरत नाही. अशी अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन् महिने राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती अकाली जाते. दोन बॅटऱ्या गेल्या त्या बहुधा अशाच. रंग खरवडून स्वच्छ धातूवर जाड तार कसावी, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा साका गरम पाण्याने धुवावा आणि नंतर पेट्रोलियम जेली लावावी. पॅनेलवरील अँपिअर मीटरच्या मागचे नटही घट्ट करावेत, कारण जुन्या जोडणीत सगळा चार्जिंगचा प्रवाह त्यातूनच जातो.

तारा ठीक असूनही आकडा कमी राहिला, तर पॅनेलवरील चार्जिंगच्या लाल दिव्याकडे लक्ष द्यावे. चावी फिरवल्यावर तो पेटलाच नाही, तर बल्ब, त्याची तार किंवा ऑल्टरनेटरचे कार्बन ब्रश तपासावेत. कित्येक जुन्या ऑल्टरनेटरांना सुरुवातीचे चुंबकत्व या बल्बमधून मिळत असल्याने दोन-तीन वॅटचा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडते. दिवा मंद जळत राहिला तर ऑल्टरनेटरमधला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असण्याची शक्यता आहे, आणि असा डायोड रात्रभर बॅटरीही रिकामी करतो. ते पाहण्यासाठी इंजिन व सर्व दिवे बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ती तार आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. बल्ब जळला तर वीज झिरपत आहे. नंतर ऑल्टरनेटरची जाड तार सोडल्यावर तो विझला, तर दोष ऑल्टरनेटरमध्येच आहे. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मारू नये. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनाची बॅटरीची तार काढण्याची पद्धत अनेक गॅरेजांत अजूनही चालते, तिला मात्र मनाई करावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळून चांगले डायोडही जळतात. वेल्डिंग करतानाही ऑल्टरनेटरच्या तारा सोडून ठेवाव्यात.

देपालपूरच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि चार्जिंगचा प्रवाह दोघींतून सारखाच जातो. झोपडीतला दिवा किंवा मोबाईलचा चार्जर यासाठी त्यांतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार घेतली असेल, तर ती बॅटरी रोज अधिक रिकामी होते आणि दुसरी मर्यादेपलीकडे भरत राहते. ती तार काढावी, दोन्ही बॅटऱ्या बाहेर स्वतंत्र चार्ज करून घ्याव्यात आणि बदलायची वेळ आल्यास दोन्ही एकाच क्षमतेच्या व एकाच वयाच्या घ्याव्यात. १२ व्होल्टची गरज खरोखर असेल तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा.

महूच्या इंजिनाला डायनॅमो आहे, म्हणजे लांबट नळकांडे, त्यावर जाड तारेचे ‘डी’ आणि बारीक तारेचे ‘एफ’ टर्मिनल. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन मंद गतीला चालवत असाल तर आधी गती वाढवून पाहावी, कारण डायनॅमोचे व्होल्टेज साधारण १३ पर्यंत चढल्याशिवाय कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) जोडले जातच नाही. तसेच बॅटरी भरत आल्यावर काटा शून्याकडे येणे हे नैसर्गिक आहे. तो सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतही पुढे जात नसेल, तरच बिघाड मानावा. तसे असल्यास दोन्ही तारा काढून ‘डी’ आणि ‘एफ’ एकत्र जोडावेत, मीटरचे एक टोक त्या जोडाला व दुसरे बॉडीला लावावे आणि गती सावकाश वाढवावी. व्होल्टेज झपाट्याने २० च्या आसपास चढले तर डायनॅमो चांगला आहे, लगेच गती कमी करून कटआउट व रेग्युलेटरची पेटी तपासावी आणि सर्वांत आधी तिची अर्थिंग पाहावी. अर्धा-एक व्होल्टच आला तर फील्डच्या (चुंबकत्व देणाऱ्या) गुंडाळीत दोष असतो, चार-पाचवर थांबला तर आर्मेचरमध्ये (फिरणाऱ्या भागात). काहीच आले नाही तर ब्रश अडकलेले किंवा झिजलेले असावेत, किंवा बंद राहिल्याने उरलेले चुंबकत्व गेलेले असावे. ते परत आणण्यासाठी इंजिन बंद ठेवून, ‘एफ’ची तार सोडलेली असताना, बॅटरीच्या अर्थ न केलेल्या टोकाची तार डायनॅमोच्या ‘एफ’ला क्षणभर टेकवावी. ही चाचणी आणि हा उपाय, दोन्ही ज्या डायनॅमोत फील्डचे दुसरे टोक आतच बॉडीला जोडलेले असते त्यालाच लागू आहेत, आणि जुन्या काही इंजिनांत पॉझिटिव्ह अर्थ असल्यामुळे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला गेले आहे हे हात लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावे.