गॅस भरण्याआधी गळती शोधा

प्रश्न : माझ्या नऊ वर्षे जुन्या हॅचबॅकचा एसी दर उन्हाळ्यात गार हवा देईनासा होतो. गॅरेजवाले गॅस ‘टॉप-अप’ करून देतात, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. यंदा तर सिग्नलला थांबलो की हवा गरमच येते, गाडी पळायला लागली की जरा गार होते. पुन्हा गॅस भरून घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इतक्यात भरू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) सीलमधून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो, हे खरे. पण दोन-तीन महिन्यांत कूलिंग जाते, याचा अर्थ कुठेतरी चांगली गळती आहे. ती तशीच ठेवून गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे.

सिग्नलची तक्रार मात्र वेगळी असू शकते. इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा फिरतो का पाहा. हात आणि ओढणी-उपरणे पंख्यापासून लांब ठेवा. पंखा थोड्या वेळातही सुरू झाला नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि मोटर तपासायची. पळत्या गाडीत समोरचा वारा पंख्याचे काम करतो, म्हणून तेव्हा हवा गार लागते. पंखा ठीक असेल, तर रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का बघा. साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत या ॲल्युमिनियमच्या पत्र्या पांढरट होऊन बोटाने भुगा होण्याइतक्या खराब होतात. तसे झाले असेल तर कंडेन्सर बदलावाच लागतो.

मग कॉम्प्रेसर. एसीचे बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन पुलीची पुढची चकती फिरायला हवी (ही चकती म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच; काही नव्या गाड्यांत तो नसतोच, तिथे ही खूण लागू नाही). फिरत नसेल तर फ्यूज-रिले बिघडला असेल, क्लच गेला असेल किंवा गॅस फार कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर बंद ठेवला असेल. हा स्विच तार जोडून बायपास करू देऊ नका. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते; गॅस नसेल तर तो कोरडा चालून जाम होतो.

एवढे झाल्यावर गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे मीटर, लावायला सांगा. गाडी बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाबाचे एकक) दिसतो. पण यावरून गॅस पुरेसा आहे असे समजू नका. आत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी दाब तापमानाप्रमाणेच दिसतो. खरी परीक्षा इंजिन चालू असताना. उन्हाळ्यात कमी दाबाच्या बाजूला साधारण ३० ते ४५ आणि जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय अपेक्षित आहे. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त भरलाय किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. अशा गाडीत आणखी गॅस घातला तर कॉम्प्रेसरच जाईल. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली असेल तर कॉम्प्रेसर झिजलाय.

गळतीच्या जागी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. होजचे सांधे, ओ-रिंगा, कंडेन्सरचा खालचा भाग आणि गॅस भरायच्या नॉबमधली पिन नीट बघा. ही पिन फार स्वस्त असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. डाग नसेल तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावावा. गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरू देऊ नका, तिच्यातली ओल आत राहते. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल डोळ्यांना दिसत नाही. तिथे पाणी जाण्याच्या नळीशी गळती शोधणारे यंत्र धरावे लागते.

दुरुस्तीनंतर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) नवा घाला. किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढून, पंप बंद ठेवून १५-२० मिनिटे गेजचा काटा हलत नाही ना, हे स्वतः उभे राहून पाहा. मगच गॅस, तोही वजनकाट्यावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान हॅचबॅकला बऱ्याचदा ३५० ते ४५० ग्रॅम पुरतो. एवढ्याशा गॅसमध्ये ५० ग्रॅमचा फरकही जाणवतो, म्हणून अंदाजाने भरणे नको. जुना गॅस हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्यायला सांगा. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो वातावरण सुमारे १,४३० पट तापवतो.

प्रश्न : एसी वीस मिनिटे छान चालतो, मग कूलिंग जाते. दहा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा ठीक. गॅस कमी आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कूलिंग जाते तेव्हा झोताचा जोर बघा. झोतच मंदावत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा आणि कॉइलचा तापमान सेन्सर तपासा. गॅस थोडा कमी असला तरी बर्फ धरतो, म्हणून गेजही लावा. झोत जोरात पण गरम असेल, तर आत ओल शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक झडपेच्या) तोंडाशी गोठत असण्याची शक्यता जास्त. तिथे नुसता गॅस भरून भागत नाही. ड्रायर बदलून पूर्ण व्हॅक्यूम करावाच लागतो.