मधुमेही वडिलांच्या जखमेला अँटिबायोटिकसोबत दारुहळदीचा काढा द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पायाची जखम तीन महिने भरत नाही, रिपोर्टमध्ये एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा जिवाणू) आलाय, आणि वनस्पतींचा अर्क अँटिबायोटिकसोबत दिला की जिवाणूंची बायोफिल्म (त्यांचा चिकट थर) तुटते असं वाचनात आलंय. म्हणून दादरहून दारुहळद (स्वयंपाकातली हळद नव्हे, एक वेगळं झुडूप) आणून काढा करायचा विचार आहे.

मी परळच्या एका रुग्णालयात मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, एमएस्सीचा प्रबंधही याच विषयावर होता. काढा देऊ नका आणि जखमेवरही काही लावू नका. पण तुम्ही वाचलंत ते थोतांड नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाणी भरून ठेवायचं पिंप महिनाभर घासलं नाही की आतून बुळबुळीत थर धरतो. चार बादल्या पाणी ओतलं तरी तो हलत नाही, काथ्याने खरवडावा लागतो. जखमेतली बायोफिल्म त्याच जातीची. जिवाणू स्वतःभोवती शर्करेच्या साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भाईबंदांचा डीएनए यांचा चिकट गिलावा करतात. आतले काही तर वाढ थांबवून पडून राहतात, आणि बरीचशी अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जिवाणूलाच मारतात. मोकळ्या जिवाणूला पुरतं त्याच्या शंभरपट, कधी हजारपट औषध दिलं तरी थरातले तगतात, ते यामुळे.

दारुहळदीची गोष्ट मला या सगळ्यात फार मोलाची वाटते. तिच्यात बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. ते जिवाणूला मारू शकतं, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस (एमआरएसए त्याचाच मेथिसिलिनला न जुमानणारा प्रकार) ते आपल्या आवरणातल्या पंपाने उपसून बाहेर टाकतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिकही हाच पंप बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की दारुहळदीच्या कुळातली तिकडची झुडपं बर्बेरिनच्या जोडीला आणखी एक द्रव्य बनवतात. ते एकटं जिवाणूला काहीच करत नाही, फक्त तो पंप अडवतं. दोन औषधं जोडीने वापरायची युक्ती झाडाने आपल्या कितीतरी आधी शोधलेली! काळ्या मिरीतलं पायपेरिनही हाच पंप अडवतं. लसणातलं अजोईन वेगळ्या वाटेने जातं. सुडोमोनास जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवून एकजूट करतात, ते निरोपच अजोईन दाबतं.

आम्ही लॅबमध्ये ९६ खळग्यांच्या प्लेटवर एका बाजूने अँटिबायोटिक आणि दुसऱ्या बाजूने अर्क कमी-कमी करत नेतो. दोघांचंही प्रमाण एकट्याला लागतं त्याच्या पावपट पुरलं, तर जोडी जमली म्हणायचं. अशा जोड्या मी स्वतः पाहिल्यात. फसगतही पाहिलीय. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि त्याचा रंग जिवाणूंची वाढ मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यात मिसळतो. एकदा आकडे सुंदर आले, पण जिवंत जिवाणू मोजले तेव्हा ते जवळपास तेवढेच होते. तेव्हापासून नुसत्या यंत्राच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

खरी अडचण प्लेटपासून पायापर्यंत पोचण्याची आहे. प्लेटमध्ये कर्क्युमिनचं जे प्रमाण लागतं, त्याचा हजारावा हिस्साही ते पोटातून घेतल्यावर रक्तात मिळत नाही. १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात पायपेरिन सोबत दिल्यावर हे प्रमाण सुमारे वीसपट वाढलं, तरी ते फार कमीच राहतं. त्यात मधुमेह्याच्या पायात रक्तपुरवठाच अपुरा असतो. म्हणून मला वाटतं, या द्रव्यांचं पहिलं ठिकाण पोट नव्हे. शुद्ध करून, प्रमाण ठरवून ती कॅथेटरच्या (शरीरात घालायच्या नळीच्या) लेपात किंवा जखमेच्या पट्टीत आली, तर थराला थेट भिडतील. त्या दिशेने काम चालू आहे आणि मला त्याची मनापासून आशा आहे.

घरगुती काढ्यात मात्र धोका आहे. बर्बेरिन साखर उतरवतं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना वडिलांची साखर अचानक खाली गेली, तर रात्री झोपेत कुणाला कळणारही नाही. मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. फिटसाठीचं फेनिटॉइन त्यातलंच. लसणाच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्राव वाढवू शकतात. जेवणातली हळद, मिरी, लसूण नेहमीसारखी चालू द्या, प्रश्न अर्काचा आणि काढ्याचा आहे.

आता वडिलांसाठी. सर्जनला विचारा की जखम खरवडून साफ करता येईल का. पिंपाचा काथ्या तो हाच. साफ केल्यावर पहिला दिवस-दोन दिवस थर कोवळा असतो, तेव्हा अँटिबायोटिक जास्त चालतं. त्याच वेळी वरवरचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) नको, आतला ऊतीचा तुकडा कल्चरला (जिवाणू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवायला सांगा. हाडापर्यंत संसर्ग गेलाय का, पायाचा रक्तपुरवठा कसा आहे, हे तपासलं नसेल तर तेही आग्रहाने करून घ्या. चालू अँटिबायोटिक स्वतःहून बंद करू नका.

काढा आधीच सुरू केला असेल तर तो थांबवा, आज रात्री आणि उद्या सकाळी साखर मोजा, आणि किती दिवस दिला ते डॉक्टरांना न लपवता सांगा.